मनियाराच्या गोळ्या

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

लोणच्याची बरणी आज माळ्यावर चढवली. शिडी मीच लावली, बरणी मीच धरली, टोमणेही मीच खाल्ले. आमचे हे, अब्दुल गनी मनियार, खाली उभे राहून बघत होते. बीबी गावच्या बाजारात बांगड्यांचं दुकान, आजूबाजूच्या गावांत एवढा मान, आणि घरात कैरीच्या एका फोडीसाठी तोंड एवढंसं!

म्हणाले, तेवढी बरणी राहू दे, मी नुसता वास घेत जाईन. मी म्हटलं, वास घ्यायचा तर शिडीवर चढून घ्या.

डिसेंबरात झटका आला त्यांना. दुकानात एका पोरीच्या हातात बांगडी चढवताना हात थांबला, घाम फुटला, खांदा धरून खाली बसले. संभाजीनगरला नेलं. स्प्रिंग बसवली. सुट्टी देताना डॉक्टरांनी मलाच समोर बसवून समजावलं. या घरात कोण ऐकवतं आणि कोण ऐकतं, हे त्यांना तेवढ्यात कळलं होतं. मीठ कमी, तेल कमी, तंबाखू बंद, रोज चालणं. आणि सगळ्यांत महत्त्वाची ती रक्त पातळ ठेवणारी गोळी. वर्षभर एक दिवससुद्धा चुकवायची नाही. चुकली तर स्प्रिंगमध्ये गुठळी धरते, दुसरा झटका येतो, आणि तो पहिल्यासारखा सोडून देत नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात तेवढंच आहे. घरात दुसरा विषय नाही. मला स्वतःलाच माझा कंटाळा आलाय.

४ फेब्रुवारी

बिनमिठाचं वरण. दोघंही तेच जेवलो.

९ फेब्रुवारी

सकाळी फिरायला जातात. लोणारच्या रस्त्याने थोडं पुढे जाऊन परत. सोबत रंगराव असतात, रिटायर झालेले ग्रामसेवक. त्यांना पेन्शन आहे आणि दिवसभर काम नाही, त्यामुळे गावभर सल्ले वाटत फिरतात.

आज परत आल्यावर यांनी हळूच विषय काढला. अर्जुनाच्या झाडाची साल म्हणे. उकळून प्यायची. रंगरावांच्या साडूने तीच प्यायली आणि सगळ्या गोळ्या सोडल्या, आता विहिरीचं पाणी ओढतो.

मी चहा तसाच ठेवून बाहेर गेले. रंगराव ओट्यावर टेकले होते. त्यांना म्हटलं, भाऊ, साल तुम्ही प्या, साडूला पाजा, पण आमच्या घरात गोळीला हात लावाल तर चहा बंद. ते हसले. "भाभी, तुमच्यासमोर डॉक्टर बी थरथर कापत असन," म्हणाले. कापत असो नसो. मी काही गमतीने बोलले नव्हते.

दुपारी यांना गोळी दिली तेव्हा ती तळहातावर घेऊन बसले. मी म्हटलं, गिळा मुकाट. गिळली.

१४ फेब्रुवारी

लग्नसराई सुरू. हीच खरी आफत.

दुसरबीडला हे नवरीचा चुडा भरायला गेले होते. मी नको म्हटलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. नवरीच्या हातात हिरवा चुडा त्यांनीच भरायचा, अशी किती घरं आहेत. नवरीच्या आईचा चुडाही यांनीच भरलेला असतो आणि आजीचा यांच्या अब्बांनी. बांगड्या भरून झाल्या की बायका वाकून नमस्कार करतात आणि मनियाराच्या हातावर साखर ठेवतात. साखर, पेढा, लाडू, घरात असेल ते. मनियाराचं तोंड गोड झालं नाही तर चुडा टिकत नाही म्हणतात. नाकारायचं म्हणजे नवरीला शाप दिल्यासारखं!

एका घरात किती बायका, आणि प्रत्येकीच्या सासूला वाटतं आपल्या सुनेचा चुडा टिकावा.

किती खाल्लं विचारलं. आधी म्हणाले, चिमूटभर. मग म्हणाले, एक पेढा. झोपताना म्हणाले, दोन. उद्या सकाळपर्यंत अर्धा किलोवर जाईल. मी बोलायचं ते बोलले. फार बोलले. माझा आवाज शेजारी गेला असणार.

शुगर काठावर आहे त्यांची. काठावरून ढकलायला अख्खा तालुका बसलाय.

१९ फेब्रुवारी

आसिमचा फोन. पुण्यात बसून अब्बांची काळजी करतो. काळजी म्हणजे व्हिडिओ पाठवतो. लसूण खा, लसूण खाऊ नका, ओट्स खा. मी म्हटलं, बाबा, बीबीत ओट्स मिळत नाही, ज्वारी मिळते, ती खाऊ घालते. एक मात्र बरं केलं त्याने. बीपीच्या गोळ्या तिकडे स्वस्त मिळाल्या, तीन महिन्यांच्या एकदम पाठवल्या. पांढऱ्या.

घरात आम्ही खरं तर आपली हिंदी बोलायचो. पण यांनी चाळीस वर्षं बायकांना बांगड्या भरताना जी वऱ्हाडी उचलली, ती घरात आली आणि राहिली. माझं शिक्षण मराठी शाळेत बारावीपर्यंत, म्हणून वहीत ही अशी पुस्तकी मराठी. अम्मी म्हणायची, या पोरीला भांडायला तीन भाषा लागतात.

आज भांडायला एकीतही जोर नाही.

२४ फेब्रुवारी

गोळ्यांची पाकिटं म्हणजे जीवाला घोर. कुठली सकाळची, कुठली रात्रीची — नावं बारीक, इंग्रजी, अर्धी कापलेली. मेडिकलवाला कात्रीने कापून देतो, नाव एका तुकड्यावर आणि तारीख दुसऱ्यावर. यांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा दुकानात राहतो. मागच्या आठवड्यात रात्रीची गोळी सकाळी घेता घेता राहिले.

आज दुकानातून बांगड्यांचा नमुन्याचा डबा आणला. लाल मखमल, आत खण. स्वच्छ पुसला. सगळ्या गोळ्या पाकिटांतून काढून खणात भरल्या. बीपीची पांढरी गोल, सकाळी. बारीकशी ॲस्पिरिन आणि गुलाबी, दुपारी जेवल्यावर — गुलाबी म्हणजे ती रक्त पातळ ठेवणारी, तिला मधला खण. चरबीची लांबट, रात्री. पिवळी पित्ताची. झालं! नाव वाचायची गरजच नाही. बांगड्यांच्या घरात रंग चुकतो कुठे?

आसिमला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

यांनी डबा उघडून बघितला. बराच वेळ बघितला. म्हणाले, माल चांगला लावला. पुष्कळ दिवसांनी दोघं हसलो.

२ मार्च, रविवार

आज पहिला रोजा. यांना डॉक्टरांनी या वर्षी मना केलंय. परवा दाखवायला गेलो होतो. तब्येत चांगली आहे म्हणाले, बीपी ठीक, चालणं ठीक. पित्ताची गोळी आता रोज नको, जळजळ झाली तरच. पण रोजा नाही. गोळ्यांच्या वेळा मोडतात, पाणी कमी पडतं.

डॉक्टरांचं ऐकून घेतलं, मग मौलानांना विचारून आले. त्यांना वाटलं असेल तिकडून सुटका होईल. मौलाना म्हणाले, आजाऱ्याला सूट अल्लाहनेच दिलीय, तुम्ही कोण नाकारणारे? तरी तोंड पाडून बसलेत. लहानपणापासून एक रोजा सोडला नाही म्हणतात. दुपारी सगळं घर उपाशी आणि त्यांनी एकट्याने ताटावर बसायचं, याची त्यांना लाज वाटते. मी पाठमोरी बसले आणि म्हटलं, मी बघत नाही, खा.

११ मार्च

सहरी, दुकान, यांचं जेवण, इफ्तार, पुन्हा यांचं वेगळं जेवण. पाय सुजलेत. दुकानात आता मीच जास्त बसते. त्यांना गर्दीत धाप लागते.

एवढंच लिहवतं आज.

२० मार्च

त्यांच्या जाकिटात चुन्याची डबी सापडली.

चुना आहे म्हणजे तंबाखू आहे. दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोरच बोलले. तीन बायका बसल्या होत्या, एकीचा हात त्यांच्या हातात होता, अर्ध्या बांगड्या चढलेल्या. मी डबी पुढ्यात आपटली. म्हटलं, मरायचंच असेल तर सांगा, मी मीठ-तेलात जीव का घालवू. सकाळी उठल्यापासून तुमच्याच शरीराची चाकरी करते, मला माझं शरीर आहे हेच विसरले.

त्यांनी त्या बाईच्या राहिलेल्या बांगड्या चढवल्या, हळू, एकही न तडकवता. मग तंबाखूची पुडी खिशातून काढून माझ्या हातात दिली.

घरी आल्यावर मला रडू आलं. बायकांसमोर बोलायला नको होतं. पण माफी मागितली नाही. अंगात ताकदच नव्हती.

२३ मार्च

आता वाद घालत नाहीत. देईन ते खातात. सांगेन तेवढं चालतात. मी म्हणते ते हो.

बरंच झालं. घर शांत आहे.

२७ मार्च, गुरुवार

ईद तोंडावर. पाडवाही त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे दोन्हीकडच्या बायका एकदम दुकानात! पोरी जाळीदार, चमकीच्या मागतात, सासवा साध्या हिरव्या. रोज्याच्या तोंडाने दिवसभर "हो ताई, दाखवते ताई." संध्याकाळी जीभ टाळूला चिकटते.

त्यात गोळ्या संपत आल्या. गर्दीतून निसटून मेडिकलवर गेले, चिठ्ठी पुढे केली, म्हटलं सगळ्या द्या. नेहमीच्या कंपनीच्या नव्हत्या त्याच्याकडे. म्हणाला, काकू, औषध तेच आहे, कंपनी बदलली. बरं म्हटलं. तो आणखी काही सांगत होता, तेवढ्यात दुकानातून हाक आली.

अजानच्या आधी डबा भरून टाकला. पाकिटं फोडायची, रंग बघून खणात टाकायची. दोन मिनिटांचं काम. पाकिटं चुलीत घातली.

३१ मार्च

ईद. आसिम आला नाही, सुट्टी नाही मिळाली. शीरखुर्मा यांना दोन चमचे, मोजून. त्यांनी तिसरा मागितला नाही. मागितला असता तर दिला असता आज.

दिवसभर झोपावंसं वाटत होतं. पाहुणे.

६ एप्रिल

यांना चक्कर येते. ओट्यावरून उठताना भिंत धरतात. दुकानातही दुपारी डोकं टेकवून बसले होते. ऊन फार आहे यंदा, एप्रिलच्या सुरुवातीलाच अंग भाजतंय. मी लिंबाचं पाणी देते, बिनसाखरेचं.

रंगराव आले होते. म्हणाले, "भाभी, उन्हाळ्यात ह्या गोळ्या गरम पडतात. अंगातलं पाणी शोषून घेतात. पावसाळ्यापर्यंत बंद करा, मंग पाहा कसा टुणटुण उडते गनीभाऊ." अर्ध्या गावाची हीच समजूत आहे. होळी झाली की गोळ्या बंद, मृगात पुन्हा सुरू. मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. चहा खरंच दिला नाही.

एवढा पहारा दिल्यावर एक गोळी चुकली नाही अजून. एकही नाही. याचा मला अभिमान वाटतो. दुसरं काय आहे माझ्याकडे अभिमान वाटायला.

संभाजीनगरला फोन लावून चक्करचं विचारावं असं मनात येतं. दुकान बंद होईपर्यंत तिकडची वेळ संपलेली असते.

१२ एप्रिल

सुलतानपूरच्या तानाबाई आल्या होत्या. चौदा तारखेच्या जयंतीसाठी त्यांच्या वस्तीतल्या सगळ्या बायकांना निळ्या बांगड्या हव्यात. दरवर्षी हे तिकडे जाऊन भरतात. मी म्हटलं, यंदा ते येणार नाहीत, मीच येते हवं तर. पण यांनी चप्पल घातली होती. मग दोघं गेलो.

विहाराच्या मागच्या सावलीत बसवलं. यांचा हात आता थांबत थांबत चालतो, मी पुढून बांगड्या देत होते. आकाशी, मोरपंखी, गडद निळा — बाईचा हात बघितला की कोणता रंग खुलेल ते न विचारता सांगतात. एका म्हातारीला म्हणाले, तुम्हाला गडद नको, काळा दिसेल. ती म्हणाली, सुनेला विचारा, तिला मी गडदच दिसते. सगळ्या हसल्या. हेही हसले. किती दिवसांनी!

मग साखर आली. वाटी भरून. मी तोंड उघडणार तोच तानाबाईंनी वाटी बाजूला सारली. त्यांना मी येतानाच सांगितलं होतं. म्हातारी कुरकुरली, तोंड गोड नाही केलं तर चुड्याचं काय. तानाबाई म्हणाल्या, "मनियारच नाही राह्यला तं चुडा कोन भरन वं माय? पानी द्या त्यायले. तोंड ओलं झालं, बस झालं."

लगेच सगळ्यांनी मान्य केलं. एकेकीने आपल्या हाताने पेला दिला. त्यांनी प्रत्येकीचा एक घोट घेतला. मी इतके दिवस घरोघर भांडत होते आणि तानाबाईंनी दोन वाक्यांत मिटवलं. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पडले नाही, पण वाटलं.

परत येताना ऑटोत यांचा डोळा लागला. डोकं माझ्या खांद्यावर. चेहरा पांढरट दिसत होता. ऊन म्हणावं तर संध्याकाळ झाली होती.

१६ एप्रिल

थकले.

२२ एप्रिल, मंगळवार. जालना.

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. नर्सबाईंनी पेन दिला. हा कागदही त्यांचाच, घरी गेल्यावर वहीत लावेन.

सकाळी फिरायला निघाले आणि दारातच बसले. डिसेंबरात जसे बसले होते तसेच. मी ओळखलं. ॲस्पिरिन चावायला दिली, रंगरावांनीच ड्रायव्हरसकट गाडी आणली. दुसरबीडवरून पुढे समृद्धी महामार्गाला लागलो. रंगराव पूर्ण रस्ताभर यांचा हात धरून बसले होते. मी फक्त म्हणत होते, एकही गोळी चुकली नाही, एकही नाही, मग का?

आत घेतलंय. स्प्रिंग बंद पडली आहे म्हणाले. गुठळी. पुन्हा उघडतायत.

एका तरुण डॉक्टरने, डॉ. रुपालीने, विचारलं, रक्त पातळ ठेवायची गोळी बंद केली होती का? मी म्हटलं, नाही. तिने पुन्हा विचारलं. मी चिडले. म्हटलं, मी माझ्या हाताने रोज दुपारी देते, माझ्यासमोर गिळतात. तिने पाकिटं मागितली. मी पिशवीतून डबा काढून दिला. ती डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, आई, पाकिटं कुठे आहेत?

२३ एप्रिल

ते शुद्धीवर आहेत. धोका अजून आहे, पण बोलतात. पाणी मागितलं.

लिहायचंच आहे तर सरळ लिहिते.

डॉ. रुपालीने मेडिकलवाल्याला फोन लावून बिलं मागवली. मग एका पांढऱ्या कागदावर डब्यातल्या गोळ्या मांडल्या आणि गोळ्यांवर कोरलेली अक्षरं मोबाईलच्या उजेडात वाचली. ईदच्या आधी जी नवी कंपनी आली, तिची रक्त पातळ ठेवणारी गोळी पिवळी आहे. मी पिवळी पाहिली आणि पित्ताच्या खणात टाकली. पित्ताची तर आता जळजळ झाली तरच द्यायची. म्हणजे खरी गोळी त्या खणात पडून राहिली.

आणि गुलाबी? ती त्या नव्या कंपनीची बीपीची. चिठ्ठीवर होती म्हणून त्याने दिली. बीपीच्या तर घरात आसिमने पाठवलेल्या पांढऱ्या होत्याच, त्याही चालू. म्हणजे बीपीची दोनदा, आणि जिच्यावर जीव अडकला होता ती एकदाही नाही. चक्कर त्या दोन-दोन बीपीच्या गोळ्यांची. मी लिंबूपाणी पाजत होते!

जवळजवळ महिनाभर. माझ्या हाताने. रोज जेवल्यावर. समोर उभं राहून, गिळा म्हणून.

डॉ. रुपाली रागावली नाही. म्हणाली, ॲस्पिरिन चालू होती म्हणून एवढ्यावर निभावलं. म्हणाली, गोळी कधी पाकिटाबाहेर काढून ठेवायची नाही, रंगावर जायचं नाही, रंग कंपनीचा असतो, औषधाचा नसतो. कंपनी बदलली की एकेक नाव लावून घ्यायचं. चक्कर आली की त्याच दिवशी फोन करायचा. हळू आवाजात, लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. मी मान हलवत होते. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

रंगरावांना मी दारातून हाकललं होतं. साखरेच्या वाट्या परतवल्या. लोणचं माळ्यावर. सगळी दारं लावून घेतली आणि मी स्वतः आत होते.

२६ एप्रिल

आसिम आला. त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मला वाटलं होतं ओरडेल. तो म्हणाला, अम्मी, डब्याच्या फोटोवर मी अंगठा दिला होता. मग दोघं रडलो, बाहेर, गाड्यांच्या मागे.

हृदयाचा एक भाग आता दुबळा राहणार. जिना नको, वजन नको. दुकानात बसता येईल, पण गावोगाव जाणं बंद. डॉक्टर म्हणतात, गोळ्या नीट, मीठ कमी, तंबाखू नाही, तर पुष्कळ वर्षं काढतील. मी दोनदा विचारलं, पुष्कळ म्हणजे? ते हसले.

यांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही. मीच सांगणार आहे. घरी गेल्यावर. इथे नळ्या लावलेल्या असताना नाही सांगता यायचं.

३० एप्रिल

घरी आलो. गोळ्या पाकिटात. प्रत्येक पाकिटावर आसिमने मराठीत मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलंय, कशाची आणि कधी. कापलेलं पाकीट देऊ नका म्हणून मेडिकलवाल्यालाही सांगून आला. डबा दुकानात परत गेला.

तानाबाई भेटायला आल्या, काकड्या घेऊन. रंगराव ओट्यावर टेकले. आज चहा दिला. सालीचं नाव काढलं नाही त्यांनी.

सांगायचं राहिलं. उद्या सांगते.

२ मे

आजही नाही सांगितलं. तोंडाशी येतं, मग ते "हो" म्हणतात कशालातरी आणि मी आत निघून जाते.

४ मे, रविवार

आज सांगितलं. दुपारच्या गोळीच्या वेळी, पाकीट हातात असतानाच. सगळं एका दमात — पिवळी, गुलाबी, ईदची गर्दी, माझा हात. मान वर करायची हिंमत नव्हती.

म्हणाले, "मले मालूम हाय."

मला वाटलं, आसिमने सांगितलं. नाही म्हणाले. पहिल्याच दिवशी कळलं होतं. आधीची गोळी अबोली होती, ही राणी. पिवळ्याही दोन तऱ्हेच्या झाल्या होत्या. "चाळीस वर्षं रंग इकले म्या. अबोली आन राणी मले कळत नाही का?"

मग बोलला का नाहीत? मी ओरडलेच. महिनाभर! रोज माझ्या हातून घेत होता, मग बोलला का नाहीत?

त्यांनी पाकीट माझ्या हातातून घेतलं, नाव वाचलं, गोळी काढली.

"तू लय थकेल होती," म्हणाले. "म्हटलं, तुले आनखी एक काम काऊन वाढवाचं."